गाद्या बदलल्या, मावशी

डोंगरातल्या कोल्पाबाम्बा गावात प्रिंटर बंद पडला की लोक आधी मारियामातेचं नाव घेत आणि मग एदिल्बेर्तो पोमाचं. एवढ्या उंचावरची हवा ठणठणीत कोरडी. चार दिवस प्रिंटर नुसता पडून राहिला तरी शाई सोडणाऱ्या हेडच्या बारीक भोकांत शाई वाळून बसते आणि छापलेल्या पानावर पांढरे पट्टे उमटतात. मग शाळेच्या बाई, बँडमास्तर, अर्ज लिहून देणारा सोलानो, सगळे आपापले प्रिंटर चादरीत गुंडाळून बाजारातल्या त्याच्या टपरीवर आणत. एदी कोमट पाण्यात थोडं स्पिरिट घालायचा, सिरिंजच्या टोकाला रबरी नळी लावायचा आणि हेडमध्ये थेंब थेंब सोडायचा. इथे घाई करून चालत नाही. जोरात दाबलं की आतला पडदा फाटतो आणि पिवळ्यात निळं शिरतं. एदीने आजवर एकही पडदा फाडला नव्हता. हात त्याचा खरोखरच हलका होता, आणि हे इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं.

खोट होती ती दुसरीकडे. हेड साफ करताना प्रिंटर जी शाई ओढून टाकतो ती जाते कुठे, हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. ती जाते प्रिंटरच्या तळाशी बसवलेल्या, शाई शोषून घेणाऱ्या नमद्याच्या गाद्यांमध्ये. त्या भरत आल्या की प्रिंटर स्वतःच हिशेब करून अडून बसतो, लाल दिवे लुकलुकवतो आणि काही केल्या छापत नाही. आता खरं काम असं, की प्रिंटर उघडायचा, गाद्या काढायच्या, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवायच्या, दोन दिवस उन्हात वाळवायच्या, नाहीतर सरळ नव्या घालायच्या. आणि सोपं काम असं, की लॅपटॉपची तार जोडायची, एक बटण दाबायचं, आणि प्रिंटरची मोजणी शून्यावर आणायची. मग प्रिंटरला वाटतं गाद्या कोऱ्या आहेत. आत त्या तुडुंबच असतात.

एदी सोपं काम करायचा, वर बिनदिक्कत सांगायचा, "गाद्या बदलल्या." पैसेही अर्थातच बदललेल्या गाद्यांचे. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. शहरात ज्याच्याकडे तो काम शिकला, तो उस्तादच म्हणायचा, "अरे, खालून कोण बघतंय?" आणि खरंच, कुणी बघितलं नव्हतं.

निसेफोरा न्याउपारीचा प्रिंटरही त्यातलाच एक. निसेफोरा सदुसष्ट वर्षांची, अख्ख्या गावाची मावशी. देवळातल्या मारियामातेला दर सप्टेंबरच्या जत्रेत नवा शेला लागतो. दरवर्षी एक घर जत्रेचा मान घेतं, त्या घरची मानकरीण शेल्याचं कापड आणि चांदीची जर आणते, आणि भरतकाम निसेफोरामावशीचं. एकतीस वर्षं दुसऱ्या कुणाची सुई त्या शेल्याला लागली नव्हती. लिमाला असलेल्या लेकीने प्रिंटर पाठवल्यापासून मावशी फुलांच्या नक्ष्या त्यावर मोठ्या करून छापायची, कागद जोडून रेषांवर सुईने भोकं पाडायची आणि वरून खडूची भुकटी चोळून नक्षी कापडावर उतरवायची. एका वर्षी घातलेलं फूल तिने पुढच्या वर्षी मारियामातेला कधी घातलं नाही. शाईदेखील ती स्वतःच भरायची. कार्ट्रिजचं बूच काढायचं, सिरिंजने पाऊण भरायचं, वर जायचं नाही, हे एदीनेच तिला शिकवलं होतं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तिचा फोन आला.

"मेस्त्री, लगेच ये. तुझा प्रिंटर मुतला रे."

एदी हसतच निघाला. तिच्या घरात शिरला तेव्हाही तोंडावर हसू होतं. खिडकीशी फटी पडलेल्या फळ्यांचं जुनं टेबल, त्यावर प्रिंटर. टेबलाखाली भरतकामाची लांबलचक चौकट तिरपी सरकवलेली, रात्री धूळ बसू नये म्हणून मावशी ती तिथे ठेवायची. चौकटीवर ताणलेला दुधाळ साटीनचा शेला. तीन महिन्यांची जर त्यात घातलेली, कांतूताची फुलं, कणसं, पाखरं. आणि शेल्याच्या अगदी मधोमध, पाठीवर येईल तिथे, दोन तळहातांएवढा काळानिळा डाग. त्याच्या कडा गुलाबी होऊन अजून पसरत होत्या.

एदीचं हसू तोंडातच राहिलं.

"मीच भरली रे काल शाई," मावशी म्हणाली. ती स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीत धरून. "चष्मा लावला होता. पाऊणच भरते मी नेहमी. पण हात थरथरला असेल. जास्त गेली असेल. बघ तरी."

एदीने झाकण उघडलं. चारही कार्ट्रिज पाऊण भरलेली, एकसारखी, जणू पट्टी लावून मोजलेली. बुचं घट्ट. आजूबाजूला एक थेंब नाही. मग त्याने प्रिंटर उचलून तिरपा केला, आणि तळाच्या फटीतून शाईची जाड धार त्याच्या मनगटावरून बाहीत गेली. गाद्या फुगून वर आल्या होत्या. जूनमध्ये त्याने मोजणी शून्यावर आणली होती, त्याआधी गेल्या नाताळातही. दोन्ही वेळा तेच बटण, दोन्ही वेळा तेच वाक्य.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. आणि ते सांगायलाही तेवढाच वेळ लागला असता.

"काय रे? मीच ना?"

"होतं असं कधी कधी, मावशी," एदी म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि त्याला काहीतरी पुढे बोलावंसं वाटलं. "वयोमानाने."

मावशीने मान हलवली. मग उठली, चुलीकडे गेली, आणि त्याच्यासाठी मक्याचं आणि मटणाचं पाटास्का वाढून घेऊन आली.

"खा. एवढ्या लांबून धावत आलास," ती म्हणाली. "आणि मला माफ कर बाबा. तू एवढ्या मेहनतीने गाद्या बदलून दिल्या होत्यास, आणि मी तुझं चांगलं काम घाण करून ठेवलं."

एदीने पाटास्का खाल्लं. वाडगा चाटूनपुसून रिकामा केला, कारण उष्टं टाकलं असतं तर तिने विचारलं असतं, काय झालं. शरमेने त्याचे कान तापले होते आणि तो पाव मोडून मोडून रश्श्यात बुडवत होता.

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर देवळाच्या अंगणात जत्रेची बैठक भरली. चाळीसेक माणसं होती. यंदाची मानकरीण सेनोबिया ओरिवेला, बटाट्याच्या वखारीची मालकीण, बोलायला फटकळ पण मनाने वाईट नव्हे. एदीही होता, कारण मारियामातेची पालखी उचलणाऱ्या सोळा जणांत तो होता. तो पाण्याच्या टाकीला टेकून मागे उभा राहिला.

मावशी स्वतःहून उठली. कुणी तिला जाब विचारला नव्हता.

"शेला माझ्या हातून खराब झाला," ती म्हणाली. "शाई भरताना हात थरथरला. लपवून काय करू? एकतीस वर्षं केलं, आता हे हात संपले. पुढच्या वर्षापासून दुसरं कुणी बघा. आणि यंदाचंही."

अंगणात कुजबुज झाली. सेनोबियाची वहिनी म्हणाली, शहरात मशीनवर तीन दिवसांत भरून देतात, आणि दिसायलाही झकपक. कुणी म्हणालं, मावशी थकलीच होती, गेल्या वर्षी पाखराची चोच जरा वाकडीच होती. गेल्या वर्षी चोचीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सेनोबिया मात्र कुणाचं ऐकत नव्हती, ती टाकीकडे बघत होती.

"एदी, तू गेला होतास ना घरी? तू बघितलंस. शाई जास्तच झाली होती?"

चाळीस माना वळल्या. मावशीही वळली. तिच्या चेहऱ्यावर आशा असती तर एदीला बरं वाटलं असतं. पण ती नुसती वाट बघत होती, हा काय म्हणतो ते ऐकायला.

एदीने मान हलवली. नुसती मान, होकारार्थी. आणि बैठक पुढे सरकली, फटाके किती आणायचे यावर.

त्यानंतर एदीने टपरीवर आलेला प्रत्येक प्रिंटर उघडायला सुरुवात केली. गाद्या काढून मागच्या नळाखाली तासन् तास चोळायचा, मग दोरीवर वाळत घालायचा. कोपरापर्यंत हात काळे झाले. येणारेजाणारे दात काढत, "काय मेस्त्री, लाँड्री काढली का?" तोही हसायचा. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला ठाऊक होतं. हजार गाद्या धुतल्या तरी त्या एका होकाराने जे केलं ते धुऊन निघणार नव्हतं, आणि हेही त्याला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं तर टपरी गेली, नाव गेलं. बायको म्हणाली, "तुला झोप का लागत नाही?" त्याने सांगितलं, स्पिरिटच्या वासाने डोकं दुखतं. म्हणजे आता तो घरातही खोटं बोलायला लागला होता.

दहाव्या दिवशी मावशी टपरीवर आली. हातात फडक्याची पिशवी, त्यात तिची चार कार्ट्रिज, त्या दिवशीच धास्तीने रिकामी केलेली. काळं झालं असेल म्हणून एदीने स्टूल फडक्याने पुसून दिलं.

"भरून दे," ती म्हणाली. "लेकीला काही कागद छापून पाठवायचेत."

"तुम्ही घरीच भरता की, मावशी."

"नको रे. आता तूच भर. माझा मला भरवसा नाही." तिच्या शालीला गळ्याशी बटणाऐवजी सेफ्टी पिन लावलेली होती. एदीची नजर तिकडे गेलेली तिने पाहिली आणि ती ओशाळून हसली. "तुटलं बटण. आठ दिवस झाले. सुई हातात घेते आणि ठेवून देते. परवा चहा ओततानासुद्धा दोन्ही हातांनी किटली धरली, म्हटलं, सांडायला नको. म्हातारपण असं एकदम येतं बघ, सांगून येत नाही."

एदीने सिरिंज उचलली होती, ती खाली ठेवली.

"मावशी, गाद्या बदलल्याच नव्हत्या."

"कुठल्या गाद्या?"

मग त्याने सांगितलं. गाद्या म्हणजे काय, बटण म्हणजे काय, जूनमध्ये काय केलं, नाताळात काय केलं. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, त्या सेफ्टी पिनेकडे बघत होता. "शाई खालून आली, मावशी. तळातून. तुमच्या भरण्याने नाही. चारही कार्ट्रिज बरोबर पाऊण होती. एक थेंब इकडे तिकडे नव्हता. माझ्याच्यानेसुद्धा इतकं नीट होत नाही."

शेजारच्या टपरीतला रेडिओ भरधाव बोलत होता. मावशीने एक कार्ट्रिज पिशवीतून काढलं, उजेडाकडे धरून बघितलं, परत ठेवलं.

"हे तुला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. तुमच्यासमोरच."

"पाटास्का खायच्या आधी, की नंतर?"

एदीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. "आधी," तो म्हणाला.

तिने पिशवीचं तोंड बांधलं. एदी म्हणाला, मी कापडाचे पैसे देतो, जरीचे देतो, सेनोबियाकडे जाऊन एकटीला सगळं समजावून सांगतो. मावशीने त्याला बोलू दिलं. मग उठली.

"मी चाळीस माणसांत उभी राहून बोलले," ती म्हणाली. "आणि तू मला टपरीत सांगतोस." कार्ट्रिज न भरताच घेऊन ती निघून गेली.

पुढच्या रविवारी जत्रेची शेवटची बैठक होती. सेनोबिया मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसली होती. तिच्यात घडी घातलेला डागाळलेला शेला होता, मापासाठी दुपारच्या बसने शहरात मशीनवाल्याकडे जायचा होता. मावशी भिंतीकडेच्या बाकावर, बायकांत, शाल घट्ट लपेटून. एदीने सकाळपासून तीनदा शर्ट बदलला होता. तो टाकीकडे गेलाच नाही. सरळ मधोमध जाऊन उभा राहिला, आणि मग काय म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं विसरला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "निसेफोरामावशीचा हात थरथरला नव्हता. शेला मी घालवला."

त्याने सांगितलं. टपरीत सांगितलं होतं त्याहून जास्त अडखळत, पण सगळं. मग सोलानो हळूच उभा राहिला.

"एदी लेका, माझ्या तरी बदलल्या होत्यास ना?"

"नाही."

"आणि माझ्या?" बँडमास्तर म्हणाला. "मार्चमध्ये? नव्या कोऱ्या म्हणाला होतास!"

"नाही."

शाळेच्या बाईंनी हात वर केला, वर्गातल्या पोरीसारखा, आणि काही न विचारताच खाली घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "आयला, माझ्या प्रिंटरखाली जमिनीची कागदपत्रं आहेत!" आणि तो माणूस टोपी धरून फाटकाबाहेर पळत सुटला. अंगणात हशा पिकला. शिव्याही आल्या, त्यांच्याबरोबर पुन्हा हसू. सगळ्यांनी मिळून चोपलं असतं तर एदीला सोसलं असतं. हे हसणं सोसवत नव्हतं. पालखीच्या सोळा जणांतला त्याचा जोडीदार, ज्याच्या खांद्याला खांदा लावून तो सहा वर्षं चालला होता, तो मात्र हसत नव्हता, आपल्या बुटांकडे बघत होता.

सेनोबियाही हसली नाही. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "इथेच. आणि तू मान हलवलीस."

"हो."

"तुझ्या आईएवढ्या बाईसमोर."

"हो."

बाकावरून मावशी उठली. बायकांनी पाय आवरून तिला वाट करून दिली. ती चालत अंगणाच्या मध्यात आली आणि एदीच्या पुढ्यात थांबली. आता ही थोबाडीत मारणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि एदीने त्यासाठी डोळे मिटूनही घेतले. काही झालं नाही म्हणून उघडले. मावशीने दोन्ही हात पुढे केले होते, बोटं पसरून, त्याच्या तोंडासमोर.

"तू हातांतला जाणकार," ती म्हणाली. "बघ आणि सांग. मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू दे. थरथरतायत का?"

एदीने बघितलं. सुईने टोचून टोचून टोकं निबर झालेली दहा बोटं. ती थरथरत होती. फार नाही, पण जवळून स्पष्ट दिसत होतं. सगळे एकाच उत्तराची वाट बघत होते. नाही म्हटलं असतं तर मावशीचा मान राहिला असता, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि कदाचित त्यालाही माफ केलं असतं. "नाही" त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"थरथरतायत, मावशी," तो म्हणाला.

कुणीतरी चुकचुकलं. सेनोबिया "अरे!" म्हणून अर्धी उठली. मावशीने हात खाली घेतले नाहीत. ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघत होती.

"थरथरणारच," ती म्हणाली. "रागाने थरथरतायत."

मग तिने त्याच हातांनी सेनोबियाच्या मांडीवरची शेल्याची पिशवी उचलली, आणि कुणाला काही न विचारता घराकडे चालू लागली.